सप्तकाची जोडतार : बारा तारांच्या विद्युत गिटारचा एक इतिहास

बारा तारांची गिटार म्हणजे सहा तारांच्या गिटारवर प्रत्येक तार दोनदा लावलेले वाद्य, अशी जी ढोबळ समजूत आढळते, ती वरच्या दोन जोड्यांपुरतीच खरी आहे. खालच्या ई या स्वरापासून ए, डी, जी, बी आणि वरचा ई अशा क्रमाने मिळवलेल्या सहा स्थानांपैकी बी आणि वरचा ई या शेवटच्या दोन स्थानांवर एकाच जाडीच्या दोन तारा एकाच स्वरात मिळवलेल्या असतात. उरलेल्या चार स्थानांवर मात्र नेहमीच्या तारेशेजारी तिच्याहून पुष्कळ बारीक अशी दुसरी तार असते आणि ती एक सप्तक वर मिळवलेली असते. या दुसऱ्या तारेला येथे जोडतार आणि तिच्या शेजारणीला मुख्य तार म्हटले आहे. दोघींची जाडी, घडण आणि कधीकधी धातूही वेगळा असल्यामुळे बारा तारांचा संच निवडणे म्हणजे सहा तारांच्या संचाची दुप्पट खरेदी करणे ठरत नाही. कोणत्या मुख्य तारेशी कोणती जोडतार नांदेल, हा प्रश्न चार वेळा स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. 1964 नंतर जगभर ओळखल्या गेलेल्या या वाद्याच्या झणकाराचा इतिहास लिहिताना वादक आणि गाणी यांची नावे पुष्कळ घेतली जातात, परंतु तो झणकार जितका वादकांच्या बोटांतून आला तितकाच पोलादाच्या ताकदीतून, दांडीच्या रुंदीतून आणि तारेवरच्या वेढ्याच्या आकारातून आला, हे सहसा सांगितले जात नाही.

जोडतारेची कल्पना विजेहून आणि पोलादी तारेहूनही जुनी आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत युरोपातील ल्यूट आणि पाच जोड्यांची गिटार ही वाद्ये तातीवर, म्हणजे मेंढीच्या आतड्याला पीळ देऊन केलेल्या तारेवर, वाजत. खर्जाच्या स्वरासाठी तात जाड घ्यावी लागे, आणि जाड तात ताठ असल्यामुळे मूळ स्वरासोबत निघणारे वरचे सूक्ष्म स्वर, ज्यांमुळे नादाला धार येते, ते छेडल्याबरोबर विझून जात. स्वर ओळखू येई, पण तो बोथट असे. त्यावर वाद्यकारांनी काढलेला उपाय असा की खर्जाच्या तातीशेजारी सप्तकभर वर मिळवलेली बारीक तात बसवायची, म्हणजे खालचा स्वर वजन देईल आणि वरचा स्वर त्याला नसलेली चमक उसनी देईल. पुढे 1660 च्या दशकात तातीवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती निघाली (लंडनचे संगीत-प्रकाशक जॉन प्लेफर्ड यांनी 1664 मध्ये अशा तारांचा उल्लेख केला आहे) आणि त्यामुळे तार फार ताठ न करताही तिचे वजन वाढवता येऊ लागले. खर्जाची तार एकटीच पुरेशी बोलू लागल्यावर जोडतारेची गरज उरली नाही आणि अभिजात गिटार कालांतराने सहा एकेरी तारांवर स्थिरावली. लोकसंगीताच्या वाद्यांनी मात्र जुनी सवय सोडली नाही. मेक्सिकोचे बाहो सेक्स्तो हे त्याचे एक उदाहरण, तर फादो गायनाच्या साथीला असणारी आणि त्या गायनासोबत गोव्यातही ऐकू येणारी पोर्तुगीज गितार्रा हे दुसरे. गितार्राच्याही बारा पोलादी तारा सहा जोड्यांत असतात, त्यांतल्या वरच्या तीन जोड्या समस्वरात आणि खालच्या तीन सप्तकाच्या अंतराने मिळवलेल्या असतात.

अमेरिकेत बारा तारांची गिटार विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास दिसू लागली, आणि ती शक्य झाली त्यामागे पोलादाच्या तारेत आधीच झालेली सुधारणा होती. 1854 मध्ये बर्मिंगहॅम येथे जेम्स हॉर्सफॉल यांनी तार तापवून ठरावीक रीतीने थंड करण्याची आणि मग साच्याच्या छिद्रांतून ओढण्याची पद्धत पेटंट केली, तेव्हापासून पियानोला पूर्वीपेक्षा कितीतरी बळकट तार मिळू लागली. त्याच घराण्याच्या कारखान्याने 1866 च्या अटलांटिक समुद्रतारेच्या संरक्षक वेष्टणासाठीही तार पुरवली, यावरून या शोधाचा आवाका लक्षात यावा. अशी तार स्वस्त झाल्यावर न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथील ऑस्कर श्मिट कंपनीने ‘स्टेला’ या नावाने कमी किमतीच्या बारा तारांच्या गिटारी काढल्या आणि त्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय गायकांच्या हाती गेल्या. अटलांटाचे ब्लाइंड विली मक्टेल हे त्यांपैकी एक. दुसरे हडी लेडबेटर, जे लेडबेली या नावाने ओळखले जातात आणि ज्यांचे गायन जॉन आणि ॲलन लोमॅक्स या पितापुत्रांनी 1933 मध्ये लुइझियानातील अँगोला तुरुंगात ध्वनिमुद्रित केले. लेडबेली जाड तारा लावून सबंध वाद्य नेहमीच्या स्वरापेक्षा पुष्कळ खाली मिळवत असत. या सवयीत त्यांच्या कानाचा कौल होताच, परंतु बारा तारांचा पूर्ण ताण त्या काळच्या हलक्या बांधणीच्या खोक्याला पेलवत नसे, ही वस्तुस्थितीही त्यामागे होती.

कोणती तार कोणत्या स्वरापर्यंत नेता येते याचा नियम फ्रेंच धर्मोपदेशक आणि गणिती मारें मेर्सेन यांनी 1636 च्या ग्रंथात मांडला. तारेची आंदोलनसंख्या, म्हणजे दर सेकंदाला होणारी तिची कंपने, लांबी वाढली की घटते, ताण वाढला की वाढते आणि तार जड झाली की पुन्हा घटते. ताण व वजन यांचा परिणाम त्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतो. या नियमातून निघणारा एक निष्कर्ष तार विकत घेणाऱ्याला सहसा पटत नाही. बारीक तार कमी ताणात त्याच स्वराला पोहोचते हे खरे, पण तिचा छेदही तेवढ्याच प्रमाणात लहान असतो. म्हणून एकाच धातूच्या आणि एकाच लांबीच्या साध्या तारांवर दर चौरस मिलिमीटरला येणारा भार केवळ स्वरावर ठरतो आणि जाडीने त्यात काही फरक पडत नाही. तुटणारी तार अधिक जाड घेतली की टिकेल, हा अंदाज त्यामुळे चुकतो. उलट, साच्यातून जितकी अधिक वेळा ओढावी तितके पोलाद बळकट होत जाते म्हणून बारीक तारच दर चौरस मिलिमीटरला थोडा अधिक भार सोसते.

24.75 इंच, म्हणजे सुमारे 629 मिलिमीटर लांबीच्या तारेवर हा हिशेब करून पाहिला, तर बारा तारांची मांडणी आज आहे तशीच का ठरली याचा उलगडा होतो. वरच्या ई या स्वराला (330 आंदोलने) दर चौरस मिलिमीटरला सुमारे 137 किलोग्रॅम भार पडतो. जी च्या जोडतारेला 392 आंदोलनांपर्यंत जावे लागते, म्हणजे ती वरच्या ई पेक्षाही उंच स्वराची, सबंध वाद्यातील सर्वांत उंच तार ठरते, आणि तिच्यावर सुमारे 195 किलोग्रॅम भार येतो. हाच न्याय बी ला लावून तिची जोडतार सप्तकभर वर न्यायची म्हटले, तर भार 300 किलोग्रॅमच्या पुढे जातो, आणि 0.2 मिलिमीटर जाडीची वाद्यतार 250 ते 280 च्या आसपास तुटते. म्हणून सप्तकाची जोड जी पाशी थांबते आणि वरच्या दोन जोड्या समस्वरात राहतात. ही मांडणी संगीताच्या एखाद्या सिद्धान्तातून आलेली नाही, ती पोलादाच्या मर्यादेवर आखलेली रेषा आहे. जी ची जोडतार त्या रेषेच्या अगदी काठावर असल्यामुळे संचात सर्वांत आधी तुटते ती बहुधा हीच, आणि अनुभवी वादक तिच्या सुट्या तारा वेगळ्या बाळगतात.

विजेच्या गिटारने या हिशेबात आणखी एक अट घातली. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशां आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी बनवलेल्या हवाईयन गिटारपासून पुढे जो पिकअप रूढ झाला, त्यात चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि त्यावरून पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज उमटते. पिकअप हवेतला नाद ऐकत नाही. त्याला फक्त चुंबकाला प्रतिसाद देणाऱ्या धातूची हालचाल कळते. साध्या, म्हणजे न गुंडाळलेल्या, तारेचे सबंध अंग पोलादाचे असते, तर वेढ्याच्या तारेत आत पोलादाचा गाभा आणि बाहेर दुसऱ्या धातूचा वेढा असतो. लाकडी पोकळ गिटारीवर शोभणारा कांशाचा वेढा पिकअपच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यासारखाच असल्यामुळे तसा संच विद्युत गिटारीवर चढवला की खर्जाच्या मुख्य तारा दुबळ्या पडतात आणि त्यांच्या पूर्ण पोलादी जोडतारा वरचढ होऊन टोचू लागतात. सहा तारांच्या गिटारीवर हा दोष मोठ्या-लहान आवाजाएवढाच राहतो. बारा तारांवर तो जोडीचा तोलच बिघडवतो. म्हणून विद्युत वाद्यासाठी निकेलचा किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा वेढा हाच व्यवहार्य पर्याय ठरला.

बारा तारांना वीज जोडण्याचे पहिले प्रयत्न वेगवेगळ्या दिशांनी झाले. मिसुरीतील स्प्रिंगफील्ड येथे 1954 च्या सुमारास निघालेल्या स्ट्रॅटोस्फिअर ट्विन या दोन दांड्यांच्या गिटारीत बारा तारांच्या दांडीवरील जोड्या सप्तकाऐवजी तिसऱ्या स्वराच्या अंतराने मिळवलेल्या असत, म्हणजे एका बोटाने दोन सुरांची चाल निघे. कंट्री संगीतातील जिमी ब्रायंट यांनी ती गाजवली, पण जोड्यांचे अंतर ठरून गेलेले असल्यामुळे सगळे गाणे त्याच साच्यात बसवावे लागे आणि हा मार्ग लवकरच खुंटला. 1961 मध्ये न्यू जर्सीच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने विन्सेंट बेल या वादकाच्या कल्पनेवरून ग्रीक बुझुकीच्या आठवणीचे ‘बेलझुकी’ हे बारा तारांचे वाद्य काढले. खरी मागणी मात्र लोकसंगीताच्या लाटेतून आली. 1963 च्या आरंभी रूफटॉप सिंगर्स या त्रयीचे ‘वॉक राइट इन’ हे दोन अविद्युत बारा-तारी गिटारींवर रचलेले गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि गिटार बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला बारा तारांची आठवण झाली.

त्या वर्षी रिकनबॅकर कंपनीत, जिची मालकी 1953 पासून फ्रान्सिस हॉल यांच्याकडे होती, बारा तारांचा पहिला नमुना तयार झाला. बारा खुंट्या एका ओळीत लावल्या की दांडीचे टोक लांब आणि जड होते व वाद्य डोक्याकडे झुकते. कारखान्यातील डिक बर्क यांनी सहा खुंट्या नेहमीप्रमाणे बाजूला आणि उरलेल्या सहा अभिजात गिटारीसारख्या खाचांत मागे वळवून बसवल्या, त्यामुळे टोक सहा तारांच्या गिटारीएवढेच राहिले. या रचनेचा वादकाला अनपेक्षित लाभ असा झाला की मुख्य तारेची खुंटी कोणती आणि जोडतारेची कोणती हे हातालाच कळू लागले. दुसरा निर्णय अधिक दूरगामी ठरला. अविद्युत बारा-तारी गिटारीवर वरून खाली नखी मारताना आधी जोडतार आणि मग मुख्य तार लागते. रिकनबॅकरने हा क्रम उलटा केला, त्यामुळे आघाताचे वजन आधी मुख्य तारेवर पडते आणि जोडतार तिच्या पाठोपाठ उमटते. नाद त्यामुळे खालून वर उघडतो. जुन्या क्रमाची सवय असलेल्याला हा फरक लगेच जाणवतो, आणि कमी ओळखीच्या बनावटीच्या गिटारीवर रिकनबॅकरचा नाद शोधणारे पुष्कळ वादक तारांची जाडी बदलत राहतात, वास्तविक बदलायला हवा असतो तो अटीवरचा, म्हणजे दांडीच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीवरचा, तारांचा क्रम.

रिकनबॅकरच्या या अटीची रुंदी जेमतेम 41 मिलिमीटर होती, म्हणजे सहा तारांच्या गिटारीएवढीच. तेवढ्या जागेत बारा तारा बसवल्यावर प्रत्येक जोडीला मिळणारी जागा इतकी तुटपुंजी असते की जाड तारा एकमेकींवर आपटण्याचा संभव राहतो, आणि म्हणून या वाद्याने सुरुवातीपासून बारीक संचाकडे ओढ दाखवली. 8 फेब्रुवारी 1964 रोजी न्यूयॉर्कमध्ये हॉल यांनी बीटल्सना आपली वाद्ये दाखवली. त्यांच्यापैकी जॉर्ज हॅरिसन घसा दुखत असल्यामुळे प्लाझा हॉटेलातच झोपून होते, म्हणून बारा तारांची 360/12 ही गिटार त्यांच्यापर्यंत नेण्यात आली. एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘अ हार्ड डेज नाइट’ या गीताचा आरंभीचा स्वरमेळ आणि त्याच नावाच्या चित्रपटातील या वाद्याचे दर्शन, या दोन गोष्टींनी पुढचे सगळे घडवले.

त्या काळच्या विद्युत गिटारींवर चपट्या वेढ्याच्या तारा लावण्याचा प्रघात मोठा होता. गोल तार गाभ्याभोवती गुंडाळली की पृष्ठभागावर बारीक खाचा राहतात, बोट सरकले की त्या करकरतात, आणि तो आवाज ध्वनिमुद्रणात उघडा पडतो; पट्टीसारखी चपटी केलेली तार गुंडाळली की पृष्ठभाग गुळगुळीत होतो, करकर जाते, पण तार थोडी ताठ होऊन तिचे वरचे सूक्ष्म स्वरही बरेच कमी होतात. जॅझ वादकांना हा मऊ, गोल नाद हवा होता. सहा तारांच्या रॉक गिटारीवर तो पुढे मागासलेला वाटू लागला आणि गोल वेढ्याने बाजार जिंकला. बारा तारांवर मात्र चपट्या वेढ्याची मुख्य तार आणि साध्या पोलादाची जोडतार ही जोडी विलक्षण जमून गेली, आणि त्याचे कारण तातीच्या काळातच सापडते. बोथट खर्जाला चमक देण्यासाठी ल्यूटकारांनी जोडतार आणली होती. वेढ्याची तार निघाल्यावर ती जोडतार बेकार झाली. चपट्या वेढ्याने विसाव्या शतकात खर्ज पुन्हा बोथट केला आणि जोडतारेला तिचे जुने काम परत मिळाले. मुख्य तार वजन सांभाळते, चमक सगळी जोडतारेची असते, आणि दोघी एकमेकींच्या जागेत पाऊल टाकत नाहीत. नव्या, झगझगीत गोल वेढ्याच्या संचात मुख्य तारही जोडतारेच्याच उंचीवर बोलू पाहते. तेथे गलका वाढतो, झणकार वाढत नाही. 1960 च्या दशकातील नाद हवा असणारे वादक आजही चपट्या वेढ्याचे, बहुधा जर्मन बनावटीचे, महाग संच शोधत असतात, आणि ही केवळ जुन्याची हौस आहे असे समजणे अन्यायाचे होईल.

लॉस एंजेलिसमधील बर्ड्स या समूहाचे रॉजर (तेव्हाचे जिम) मगिन यांनी तो चित्रपट पाहून 360/12 घेतली आणि 20 जानेवारी 1965 रोजी कोलंबियाच्या हॉलिवूडमधील स्टुडिओत ‘मिस्टर टॅम्बरीन मॅन’ ध्वनिमुद्रित झाले. मगिन शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये बँजो शिकलेले होते. ते अंगठ्यात चपटी नखी धरून दोन बोटांवर धातूच्या नख्या चढवत आणि बँजोच्या पद्धतीने एकेक तार ओळीने छेडून वाजवत. पिकअपचा आवाज ध्वनियंत्रात कॉम्प्रेसरमधून, म्हणजे मोठा आवाज दाबून विझत चाललेला आवाज उचलणाऱ्या उपकरणातून, नेला गेला, त्यामुळे बारीक तारांचा एरवी झटकन विरणारा स्वर लांबला. तारांच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे. लाकडी वाद्यावर नाद लांबवण्यासाठी जड तार घ्यावी लागते. लांबवण्याचे काम यंत्राने अंगावर घेतल्यावर 0.008 इंचाची, म्हणजे जेमतेम 0.2 मिलिमीटरची, जोडतारही पुरेशी ठरली. 1988 मध्ये रिकनबॅकरने मगिन यांच्या नावाने 370/12 ची मर्यादित आवृत्ती काढली तेव्हा त्यात कॉम्प्रेसरचे मंडल गिटारीच्या आतच बसवले, हे या दृष्टीने बोलके आहे.

या वादकांचा सतारीशी आलेला संबंध नेहमी उल्लेखिला जातो आणि तो खराही आहे. बर्ड्सची तालीम लॉस एंजेलिसच्या ज्या वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओत होई, तेथे पंडित रविशंकर यांची ध्वनिमुद्रणे झाली होती. 1966 च्या ‘एट माइल्स हाय’ मध्ये मगिन यांच्या बारा तारांवर जॅझ वादक जॉन कोल्ट्रेन आणि रविशंकर या दोघांचा प्रभाव होता. हॅरिसन तर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सतार शिकण्यासाठी रविशंकरांकडे मुंबईत येऊन राहिले. तरीही सतारीच्या तरफा आणि गिटारीच्या जोडतारा यांना एका माळेत ओवणे बरोबर नाही. तरफांवर आघात होत नाही, त्या वरच्या तारेच्या अनुनादाने बोलतात. जोडतार मात्र मुख्य तारेइतकीच नखीचा मार खाते. जवळचे नाते शोधायचेच तर ते तंबोऱ्याच्या जोडीत आहे, जिच्या दोन तारा एकाच षड्जात मिळवताना त्यांच्यातला अगदी किंचित फरकही संथ लाटांच्या रूपाने ऐकू येतो. बी आणि वरच्या ई च्या समस्वर जोड्यांतून हाच परिणाम निघतो: 330 आणि 331 आंदोलनांच्या दोन तारा सेकंदाला एक लाट देतात. म्हणून या दोन जोड्यांच्या तारा एकाच जाडीच्या, शक्य तर एकाच खेपेच्या घेण्याचा सल्ला दिला जातो. एक तुटली की दोन्ही बदलाव्यात, कारण जुनी आणि नवी तार पडद्यांवर वर जाताना सारख्या प्रमाणात चढत नाहीत.

सर्वांत जास्त मतभेद जी च्या मुख्य तारेविषयी आहेत. 1960 पूर्वीच्या बहुतेक संचांत ही तिसरी तार वेढ्याची असे; मग कॅलिफोर्नियातील दुकानदार एर्नी बॉल यांनी तरुण रॉक वादकांसाठी बारीक संच विकायला आरंभ केला, आणि तार ओढून स्वर वाकवण्याच्या सोयीसाठी साधी, 0.017 इंचाच्या आसपासची तिसरी तार रूढ झाली. बारा तारांवर स्वर वाकवण्याचा प्रश्न फारसा येत नाही, दोन तारा एकदम ओढून सुरात ठेवणे कोणालाच साधत नाही. तरीही बाजाराच्या ओघात साधी तिसरी तार बारा-तारी संचांतही शिरली. तिची अडचण ब्रिजवर, म्हणजे सतारीच्या घोडीच्या जागी असलेल्या भागावर, उघड होते. पडद्यावर बोट दाबले की तार किंचित ताणली जाऊन स्वर चढतो आणि हा चढ गाभ्याच्या जाडीप्रमाणे वाढतो. तो भरून काढण्यासाठी तार जिच्यावर टेकते ती सॅडल नावाची लहान पट्टी मागे सरकवून लांबी वाढवतात. जुन्या रिकनबॅकरच्या ब्रिजवर बारा तारांना मिळून सहाच सॅडल होत्या. 0.017 ची साधी तार आणि तिची 0.008 ची जोडतार एकाच सॅडलवर टेकवली की एकीला जी जागा योग्य ती दुसरीला चुकीची ठरते आणि वरच्या पडद्यांवर जोडी फुटते. 0.020 च्या आसपासची वेढ्याची तार घेतली, तर बाहेरून ती जाड असली तरी आतला गाभा बारीक असल्यामुळे तिचा चढ जोडतारेच्या बराच जवळ येतो. शिवाय पिकअपसमोर 0.017 चे घट्ट पोलाद इतर तारांपेक्षा मोठ्याने बोलते, हा दोषही वेढ्याने कमी होतो. सहा सॅडलच्या वाद्यावर वेढ्याची तिसरी तार घ्यावी, हा जाणकारांचा आग्रह म्हणून परंपरेपेक्षा भूमितीवर अधिक उभा आहे.

लिओ फेंडर यांनी 1965 च्या इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह या गिटारीत या प्रश्नाला समोरून हात घातला आणि बारा स्वतंत्र सॅडलचा ब्रिज दिला. सुराच्या अचूकतेत ती त्या काळच्या प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे होती. तिची तार 25.5 इंच लांब असल्यामुळे जी च्या जोडतारेवरचा भार मात्र 195 वरून 206 किलोग्रॅमच्या आसपास गेला. बाजारात ती उशिरा आली, लाट ओसरली आणि दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. गिटारवादक जिमी पेज यांनी 1971 च्या ‘स्टेअरवे टू हेवन’ च्या ध्वनिमुद्रणात ती वापरली, तेव्हा ती कारखान्यात बनतही नव्हती. रिकनबॅकरनेही पुढे बारा सॅडलचा ब्रिज उपलब्ध करून दिला.

आजच्या नेहमीच्या हलक्या संचात मुख्य तारा 0.010 पासून 0.046 इंचापर्यंत असतात आणि जोडतारा जी साठी 0.008, डी साठी 0.012, ए साठी 0.018 आणि खालच्या ई साठी 0.026 अशा असतात. यांतली शेवटची तेवढी वेढ्याची असते. 24.75 इंचांच्या वाद्यावर या बारा तारांचा एकत्रित ताण सुमारे 92 किलोग्रॅम भरतो, तर त्याच जाडीच्या सहा तारांचा 45 च्या आतच राहतो. हा भार सोसण्यासाठी रिकनबॅकरच्या दांडीत पोलादाच्या दोन सळ्या असतात. जुन्या वाद्यांत त्या फिरवण्यापूर्वी दांडी हाताने योग्य आकारात दाबून धरावी लागते, केवळ चाव्या आवळल्या तर पडद्यांची पट्टी उखडण्याचे भय असते. सबंध वाद्य दोन पडद्यांनी खाली मिळवले तर ताण एक-पंचमांशाने कमी होतो, आणि जुन्या दांडीच्या मालकांना तो उपाय नव्या संचापेक्षा स्वस्त पडतो. गाण्याचा मूळ स्वर हवा असेल तेव्हा दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबणारी पकड, लावता येते. लेडबेलींनी स्टेलावर केले त्याचेच हे सौम्य रूप आहे.

खालच्या ई आणि ए च्या जोडतारा काढून टाकणारे वादकही आहेत, कारण मोठ्या आवाजात खर्जाच्या जोड्या गढूळ होतात आणि दांडीवरचा भारही त्यांच्यामुळे बराच वाढतो; 0.018 आणि 0.026 या दोन तारा मिळून सुमारे 20 किलोग्रॅम ताण घेतात. मगिन यांनी हा विचार शेवटाला नेला. 2005 मध्ये मार्टिन कंपनीने त्यांच्या नावाने काढलेल्या एचडी-7 या अविद्युत गिटारीला सातच तारा आहेत: नेहमीच्या सहा, आणि जी ची जोडतार.